अंपायर त्यालाच का करतात?

परळहून एका आईचं पत्र आलंय. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट चालतं, तिथे मुलं त्याला बॅटिंग देत नाहीत, अंपायर करतात. ‘नो बॉल’ म्हणताना तो अडकला की सगळे नक्कल करून हसतात. आठवडाभर तो खाली उतरलेला नाही. म्होरक्याच्या आईला सोसायटीच्या ग्रुपवर जाब विचारावा असं बाईंना वाटतं. मिस्टर म्हणतात, पोरांच्या भांडणात आपण पडू नये, त्यालाच सांग, एक ठेवून दे.

ताई, पत्र वाचून पोटात कालवलं. हसता यावं म्हणून त्याला अंपायर करायचं, हे फार लागलं.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. आउट-नॉटआउटवरून पोरं भांडतात आणि दहा मिनिटांत गळ्यात गळे घालतात, तिथे आपलं काम नाही. पण हे भांडण नव्हे. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून शाळकरी मुलांमधल्या छळाचा अभ्यास केला. छळाच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या: तो मुद्दाम होतो, पुन्हापुन्हा होतो आणि सोसणाऱ्याचं बळ कमी पडतं. तुमच्या पार्किंगमध्ये तिन्ही आहेत. इतक्या जणांसमोर एकटं पोर एक ठेवून देणार कुणाला? दिलीच, तर उद्या तक्रार त्याचीच येईल.

ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका. सगळ्यांसमोर विचारलंत तर ती आई पोराची बाजूच घेणार, आणि तुमच्या लेकाचं अडखळणं घरोघरी चर्चेला जाणार.

आधी त्याच्याशी बोला. दिवा बंद झाल्यावर अंथरुणात मुलं बरंच सांगतात. ‘मी काय केलेलं तुला चालेल?’ असं विचारा आणि थांबा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, ‘हळू बोल, श्वास घे’ही नको, त्यानं दडपण वाढतं. मग त्याला सांगूनच त्या आईकडे जा, पोरं शाळेत असतील अशा वेळी. ‘तुमचा मुलगा असाच आहे’ म्हणू नका. घडलं तेवढं सांगा आणि मदत मागा. कितीतरी आयांना खाली काय चालतं याची कल्पनाच नसते. तिनं कानांवर हात ठेवले, तर पार्किंगमध्ये रोज तासभर कुणीतरी मोठं माणूस बसेल एवढी सोय सेक्रेटरींकडून करून घ्या. त्या मुलाला जिन्यात गाठून दम देऊ नका. तोही लहानच आहे.

त्या घोळक्यात न हसणारा एखादा असेलच. रविवारी त्याला घरी बोलवा, कॅरम मांडा. एक सोबती मिळाला की खाली उतरायला धीर येतो.

अडखळण्याबद्दलही सांगते. बऱ्याच लहान मुलांचं ते आपोआप सुटतं, पण नवव्या वर्षीही टिकलं असेल तर वाट पाहू नका. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, तिथे वाचा-उपचार होतात. नायर रुग्णालयातही होतात, ते तुम्हाला जवळ पडेल. मात्र ‘नीट बोलायला लागलास की चिडवणार नाहीत’ असं त्याला चुकूनही सांगू नका. थांबायचं आहे ते हसणाऱ्यांनी.

आणि वर्गात कविता म्हणायची पाळी येते तेव्हा काय होतं, हे त्याच्या बाईंना एकदा विचाराच. तिथेही हेच चालत असेल तर मला लगेच कळवा.