खुर्चीतल्या नवऱ्याचं गाणं

प्रश्न : चोरबाजारात ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) एक छोटी तबकडी मिळाली. द ड्रिफ्टर्स या अमेरिकन गायकवृंदाचं ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’. नावाखाली कंसात बारीक अक्षरांत ‘पोमस-शुमन’ छापलंय. हे कोण? यातलं लिहिलं कोणी? लेकाच्या रिसेप्शनला हेच लावायचं म्हणतेय.
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर : लावा हो ताई, खुशाल लावा. शब्द डॉक पोमसचे, चाल मुख्यतः मॉर्ट शुमनची. डॉकचं खरं नाव जेरोम फेल्डर. जन्म १९२५ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. लहानपणीच पोलिओ झाला आणि कुबड्या आल्या त्या कायमच्या. तशा अवस्थेत हा गोरा ज्यू पोरगा कृष्णवर्णीयांच्या क्लबांत उभा राहून ब्लूज, म्हणजे त्यांचीच दुःखाची गाणी, गायचा. घरी कळू नये म्हणून नाव बदललेलं! गाण्यावर पोट भरेना, तेव्हा गाणी लिहायला लागला. तेरा वर्षांनी लहान शुमनशी जोडी जमली. एल्व्हिस प्रेस्लीनेही त्यांची गाणी गायली.

१९५७ साली डॉकचं लग्न झालं. बायको रंगभूमीवरची नटी. रिसेप्शनला ती एकेका पाहुण्याबरोबर नाचत होती आणि नवरदेव खुर्चीत बसून बघत होता. पुढे घरात जुनी लग्नपत्रिका हाती लागली, तिच्या पाठीवर त्याने हे गाणं लिहिलं असं सांगतात. नाच हवं तितकं, फक्त शेवटचा माझ्यासाठी ठेव, एवढंच त्याचं मागणं.

माझ्या आत्याच्या पायात कॅलिपर, म्हणजे अधू पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा, होता. चाळीतल्या गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही लेझीम खेळायचो, आणि ती जिन्याच्या पायरीवर सगळ्या बायकांच्या पर्सा मांडीवर घेऊन बसलेली असायची. ‘आत्याकडे दे’ म्हणायची सवयच झाली होती. डॉकची गोष्ट कळली तेव्हा तीच पायरी डोळ्यांपुढे आली.

१९६० मध्ये हे गाणं आधी तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. लोकांनी मात्र तीच बाजू उचलली आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. डॉकचे पुढचे दिवस वाईट गेले. १९६५ मध्ये पडला, व्हीलचेअरला खिळला, संसार मोडला, काही वर्षं तर पोकरच्या डावांवर काढली. १९७० नंतर पुन्हा लिहिता झाला. १९९१ मध्ये गेला.

तुमच्या तबकडीचं भोक मोठं असेल तर मध्ये बसवायची चकतीही चोरबाजारातच मिळेल. आणि डीजेला बजावून ठेवा : गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं आहे, मध्येच तोडू नकोस.