स्तुती करवत नाही, मग माझं तारण झालंय का?

पाळकीय समुपदेशनात, म्हणजे मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांची दुःखं ऐकून घेण्याच्या माझ्या कामात, काही प्रश्न लोक दार लोटून घेतल्यावरच विचारतात. हा त्यांतला एक. उपासनेत सगळे हात उंचावून गात असतात, कोणाच्या डोळ्यांना धार लागलेली असते, आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या मनात एकच विचार घोळत असतो: मला काहीच कसं वाटत नाही? ज्याचं तारण झालंय, म्हणजे ख्रिस्ताने ज्याला पापातून सोडवलंय, त्याच्या तोंडून स्तुती आपोआप येते, असं लहानपणापासून ऐकलंय. माझ्या तोंडून येत नाही. म्हणजे मग...

पुढचं वाक्य बहुतेक जण अर्धवट सोडतात. नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी मात्र ते पूर्ण केलं. "म्हणजे काकू, माझं तारण झालेलंच नाही." (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

ताई तिसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती. घरी रोज संध्याकाळी 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं एखादं गीत आणि प्रार्थना, हे आईने कधी चुकू दिलं नाही. तरुणपणी एका शिबिरात त्यांनी स्वतःहून प्रभूला स्वीकारलं, मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष दिली, पुढे संडे स्कूलमध्ये शिकवलं. मग आईला कॅन्सर झाला. मंडळीने उपास-प्रार्थना केल्या. आई गेली. दफनविधीनंतर एका वडीलधाऱ्या विश्वासी बाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "रडू नकोस गं, स्तुती कर. स्तुती केली की सैतान पळतो." बाईंचं प्रेम खरं होतं. पण ताईंना कळलं ते एवढंच, की रडणं म्हणजे अविश्वास.

तेव्हापासून त्या गाण्याला उभ्या राहत, ओठ हलवत. प्रभूभोजनाची, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून उपासनेत वाटली जाणारी, भाकर जवळ आली की मान खाली घालून पुढे जाऊ देत. आत काही नसताना हात पुढे करणं हे ढोंग होईल, आणि ती अयोग्य प्रकारे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेलं त्यांना तोंडपाठ होतं. त्यातच पाळकसाहेबांनी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्ष देशील का, असं विचारलं, आणि त्या माझ्याकडे आल्या.

मी आधी बायबल उघडलं नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, वर्गातली मुलं काही गमतीचं बोलली तर हसू येतं का, हे विचारलं. पहाटे तीनला जाग येत होती. आवडीचं पिठलंसुद्धा मातीसारखं लागत होतं. म्हणजे एकट्या उपासनेतलाच रस गेला नव्हता, सगळ्यातलाच गेला होता. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, आणि सोबत झोप, भूक, शक्ती यांवर परिणाम झाला असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि ते डॉक्टरांना दाखवायला हवं. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधं सुरू झाली.

याबद्दल मला आपल्या मंडळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. बायबलमधल्या पहिले राजे याच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला स्तुती करायला सांगत नाही, अविश्वासाबद्दल दटावतही नाही. भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाचं त्याच्याशी बोलणं पुढे होरेब डोंगरावर होतं.

औषधांनी झोप परतली, प्रश्न मात्र राहिला, आणि तो चांगला धारदार होता. ताईंनी पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचलेलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहिलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मात्र काही वर्षांनी सापडला. "माझंही तसंच असलं तर?" ताई म्हणाल्या. "शिबिरातलं सगळं वरवरचंच असलं तर?"

मी त्यांना विचारलं, रमाबाईंना सापडलं म्हणजे नेमकं काय सापडलं? जास्त उत्कट भावना? त्यांच्या साक्षीत दिसतं ते वेगळं. आपण कशा आहोत यावरून नजर उचलून त्यांनी ख्रिस्ताने वधस्तंभावर काय केलं यावर भार टाकला. पुढे १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, आलं, मुलींचं रडणं आणि स्तुती यांनी तो परिसर भरून गेला. पण ते झाडाला लागलेलं फळ होतं. ताई रोज फळ मोजून मूळ आहे की नाही ते ठरवत होत्या, तेही पानगळीत.

क्रम उलटा झाला की तारणाची बातमीच बिघडते, असं मला वाटतं. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांनी गीत गायलं ते समुद्र ओलांडल्यावर. गायले म्हणून समुद्र दुभंगला नाही. लूक १७ मधले दहाही कुष्ठरोगी शुद्ध झाले, परत येऊन येशूच्या पायांवर पडला तो एक शोमरोनी, म्हणजे परका मानलेला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं, कारण कृतज्ञता त्याला हवी आहेच. पण बरं करण्याआधी त्याने कोणाकडून आभार भरून घेतले नव्हते. ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांत मांडणारी १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीसुद्धा आधी माणसाची दुर्दशा, मग सुटका आणि शेवटी उपकारस्तुती अशाच क्रमाने जाते. स्तुती ही तारणाची फी नाही, आणि तारण झाल्याची रोज दाखवायची पावतीही नाही. ते उत्तर आहे. उत्तर कधी गाण्यातून येतं, कधी हुंदक्यातून, कधी बराच वेळ येतच नाही.

मग आम्ही स्तोत्रं वाचायला घेतली, पण उत्सवाची नव्हे. तेरावं स्तोत्र सहा वचनांचं; पहिली दोन नुसती तक्रार, किती काळ, किती काळ म्हणून, पुढची दोन विनवणी. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजाडत नाही. ताई थक्क झाल्या. "हे बायबलमध्ये ठेवलंय?" ठेवलंय, आणि मंदिरात गाण्यासाठी ठेवलंय. देवाकडे तोंड करून केलेली तक्रार देवाला पाठ फिरवून धरलेल्या मौनापेक्षा स्तुतीच्या कितीतरी जवळ असते. मी त्यांना आईच्या आजारपणाबद्दल देवाला जे म्हणायचं आहे ते वहीत लिहायला सांगितलं, गोड न करता. कॅन्सरबद्दल आभार मानायचे नाहीत, हेही बजावलं. योहान ११ मध्ये मित्र लाजराच्या कबरेकडे जाताना येशू आधी रडला आणि त्याच कबरेपुढे उभा राहून त्याने पित्याचे आभार मानले. त्याच्या एका अंतःकरणात दोन्ही मावलं.

आमच्या बोलण्यात खरा बदल झाला तो बाविसाव्या स्तोत्रापाशी. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" अशी त्याची सुरुवात, वधस्तंभावर येशूने उच्चारलेली. त्याच स्तोत्रात पुढे मंडळीमध्ये तुझी स्तुती करीन असं वचन येतं, आणि इब्रीकरांस पत्राचा दुसरा अध्याय ते येशूच्या तोंडी घालतो. म्हणजे रविवारी आपण बाकावर येऊन बसतो तेव्हा स्तुती आधीच चालू असते. ती गाणारा आपला थोरला भाऊ आहे. आपला आवाज त्यात मिसळतो. एखाद्या रविवारी आवाज निघाला नाही म्हणून ते गाणं थांबत नाही.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे प्रभूभोजनाच्या वेळी..."

"ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं, त्या रात्री भाकर घेऊन आभार कोणी मानले?" मी विचारलं. "तुम्ही नव्हे. त्याने. तुम्ही फक्त हात पुढे करा. पौलाने करिंथकरांना धारेवर धरलं ते गरीब भावंडांना उपाशी ठेवून स्वतः पोटभर जेवणाऱ्यांबद्दल; दुःखाने सुन्न झालेल्या लेकीबद्दल नव्हे."

३१ डिसेंबरला साक्ष द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. पाळकसाहेबांना तसं सांगायला मी सोबत गेले. त्यांनी समजून घेतलं आणि तेरावं स्तोत्र वाचायला उभं राहाल का, एवढंच विचारलं. ताईंनी ते वाचलं. उपासना सुटल्यावर दोन जण त्यांच्याजवळ येऊन थांबले; एकाची पत्नी गेली होती, दुसऱ्याचा मुलगा घर सोडून गेला होता.

त्या आता प्रभूभोजन घेतात. औषध अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायचं ठरलंय. काही रविवारी गातात, काही रविवारी शेजारणीच्या आवाजावर टेकून नुसत्या उभ्या राहतात. जुना प्रश्न कधीमधी डोकं वर काढतो. तेव्हा त्या मनाची तपासणी करत बसत नाहीत, रोमकरांस ५:८ काढून वाचतात: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. तेव्हा तर आपण एक शब्दही स्तुती केलेली नव्हती.