पेटी-तबला घेऊन कुटुंबासह पुण्याहून गोव्यापर्यंत गाडीने जायचं, वाटेत मित्रांकडे घरगुती मैफली करायच्या. नियोजन कसं करावं?

तुमचा बेत असा आहे असं धरून चालतो : डिसेंबर, नऊ दिवस, चौघंजण. पत्नी गाणार, तुम्ही पेटीवर, मोठा मुलगा तबल्यावर. मित्र कोल्हापूर, सावंतवाडी आणि पणजीला. तिन्ही घरी एकेक बैठक.

आधी बैठकींच्या तारखा पक्क्या करा, बघायची ठिकाणं मागाहून बसवा. लोक नेमकं उलटं करतात आणि सहा तास गाडीत काढून संध्याकाळी गायला बसतात. खिडकीतली धूळ नाहीतर एसीचा झोत, त्यात प्रवासभर बोलणं, असा गळा संध्याकाळी वरच्या षड्जाला (वरच्या सप्तकातल्या 'सा'ला) साथ देत नाही. मोठ्या प्रवासाच्या दिवशी बैठक नकोच. पोचल्यावर एक रात्र झोप आणि सकाळी मंद्रातला (खालच्या सप्तकातला) थोडा रियाज झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणं.

मी असं बसवेन. पहिल्या दिवशी पुणे-सातारा-कराड-सांगली करत मिरज. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरज बघून दुपारी कोल्हापूर, अंतर जेमतेम पन्नास किमी. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात बैठक. चौथ्या दिवशी संकेश्वर-आजरा-आंबोली मार्गे सावंतवाडी, पाचव्या दिवशी तिथे बैठक. सहाव्या दिवशी पणजी, सातव्याला तिथली बैठक. आठव्या-नवव्या दिवशी परत, मध्ये कोल्हापूर किंवा बेळगावला मुक्काम. पणजी-पुणे साधारण साडेचारशे किमी आहे, मुलांना घेऊन एका दमात करू नका. नाताळ ते नववर्ष एवढे दिवस टाळा, तेव्हा गोव्याच्या रस्त्यांवर वेळेचा काही भरवसा नसतो.

मिरज नुसती वाटेत लागते म्हणून नाही, मुद्दाम थांबायची जागा आहे. सतारी-तंबोरे घडवणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भोपळा कोरण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचं (तार भरदार गुंजावी म्हणून घोडी घासून जुळवण्यापर्यंतचं) काम मुलांना डोळ्यांनी बघता येईल. आधी फोन करून विचारलं तर कारागीर आपुलकीने दाखवतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, तिथे पंधरा मिनिटं बसाच. तंबोरा सोबत आणलाच असेल आणि त्याची जवारी उतरली असेल तर ती इथेच काढून घ्या.

तंबोरा सोबत न्यावा का? माझं मत, चौघं आणि सामान असलेल्या पाच आसनी गाडीत नको. पूर्ण मापाचा तंबोरा साडेचार-पाच फुटांचा असतो. तो आडवा बसत नाही, तिरका ठेवला की भोपळ्यावर दाब येतो, आणि एका खड्ड्यात भोपळा तडकतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचं ॲप पुरे; फोन एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे विलंबितात (संथ लयीच्या गाण्यात) कुणाची रिंग वाजणार नाही. बारीक सूर फिरवून तंबोरा पेटीला मिळवायचा, कारण पेटीचे सूर ठरलेले असतात. मग तबला पेटीला लावायचा.

पेटी डिकीत तळाशी, घडी घातलेल्या गोधडीवर, आडवी. भात्याची कडी लावलेली हवी आणि वर काहीही ठेवायचं नाही. डग्गा-तबला वेगळ्या गादीच्या पिशव्यांत, चुंबळीसकट, आणि पट्ट्याने बांधून. मागच्या काचेखालच्या फळीवर तबला अजिबात ठेवू नका. चार-पाच किलोचं लाकूड करकचून ब्रेक लागल्यावर थेट मुलांच्या डोक्याकडे येतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत वाद्यं सोडून देऊळ बघायला जायचं नाही. आतल्या उष्णतेने पेटीचा सरस सुटतो, भात्याच्या कडा उघडतात आणि हवा गळायला लागते.

आता खरी अडचण. देशावरची डिसेंबरातली हवा कोरडी, आंबोली घाट उतरलात की दमट. तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरते आणि सैल पडते. कोल्हापुरात काळी चारला (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) चोख लागलेला तबला सावंतवाडीत उतरलेला मिळेल. म्हणून पोचल्याबरोबर वाद्यं पिशवीतून काढून बैठकीच्याच खोलीत ठेवा, दोन-तीन तास त्या हवेत राहू द्या, मगच सुरात लावा. एसी गाडीतून काढून लगेच लावलेला तबला पहिल्या बंदिशीतच ढळतो. जास्त फरक असेल तर गट्ठे (तबल्याच्या अंगावर चामड्याच्या वाद्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोका, पण समोरासमोरच्या जोडीने. एकाच बाजूचे ठोकले की पुडीच्या कडेच्या सोळा घरांत सूर सारखा मिळत नाही. उरलेला बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) हातोडीने काढा. एका तबल्याला अर्ध्या-एका स्वरापेक्षा जास्त ताणू नका. शक्य असेल तर त्याच सुराला लागणारा दुसरा तबला सोबत ठेवा, कारण पुडी फाटली तर प्रवासात ती लगेच बसवून मिळत नाही.

पेटीची पट्टी दमट हवेत फुगून अडकते. जोर लावू नका, वरचं झाकण काढून ती शेजारच्या पट्टीला कुठे घासते ते बघा. एखादा सूर भणभणत असेल तर बहुतेक धुळीचा कण असतो. सुराच्या जिभेखालून (आतल्या पितळी पातीखालून) पातळ कागद हलकेच सरकवला की निघतो. पितळ खरवडू नका, सूर कायमचा बदलतो.

यजमान मित्रांना आधीच विचारून ठेवा : खोलीत किती जण बसतील, शेजाऱ्यांना चालेल का, वीज गेली तर काय. पंचवीस-तीस माणसांना माईक लागत नाही. पंखा गाणाऱ्याच्या थेट डोक्यावर नको, आवाज हेलकावल्यासारखा ऐकू येतो. सव्वा-दीड तासाची बैठक पुरे, सातला सुरू केली की जेवणंही वेळेवर होतात. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर रात्री दहाच्या आत आवरायला हवं, शिवाय स्थानिक परवानगीचं मित्रालाच बघायला सांगा. बैठकीआधी तांबडा रस्सा आणि थंडगार सोलकढी नको, दोन्ही नंतर मनसोक्त.

गोव्यात मंगेशीला जाच, पणजीपासून वीस-बावीस किमी. गायक दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी दोघंही या गावचे. देवळात सेवा म्हणून गायचं असेल तर देवस्थान समितीशी काही आठवडे आधी बोला, आयत्या वेळी विचारू नका. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव कुर्डी बघायची इच्छा असली तरी डिसेंबरात ते साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यातच वर येतं.

परतीच्या वेळी एक काम विसरू नका. गोव्यात ताणलेला तबला निघण्यापूर्वी गट्ठे वर सरकवून सैल करा. तसाच देशावर आणलात तर कोरड्या हवेत पुडी आणखी आवळते आणि किनार फाटते. घरी पोचल्यावर एक दिवस तसाच ठेवून मग सुरात घ्या.