मे महिन्यात सायकलने गोवा : दुपारचे चार तास कुठे काढणार?

आपण विचारले आहे की मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून निघून बेळगाव, चोर्ला घाट, साखळी, पणजी, मडगाव असे गोव्याच्या दक्षिण सीमेवरच्या पोळ्यापर्यंत जायचे आणि किनाऱ्याने परत उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीला यायचे, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच सायकल चालवून एकशे दहा किलोमीटर काढायचे, हे दोघा मित्रांना झेपेल का. पाणी किती घ्यावे, राहावे कुठे आणि वाटेत लोक मदत करतात का. मी फोंडा तालुक्यात राहतो. उन्हाळ्यात गोव्यातून आणि गोव्याबाहेर सायकलने लांबचे प्रवास मी बरीच वर्षे केले आहेत, आणि त्यांतला एक जवळजवळ अंगाशी आलेला आहे. त्या आधारावर सांगतो की अंतर तुम्हाला झेपेल. वेळापत्रक मात्र झेपणार नाही.

तुमच्या मनात तापमानाचा आकडा असावा. सांगलीला चाळीस अंशांत सायकल चालवणाऱ्या माणसाला गोव्याचे तेहतीस-चौतीस अंश किरकोळ वाटतात, पण हा आकडा फसवा आहे. सांगलीच्या कोरड्या हवेत घाम अंगावरून उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आमच्याकडे हवेतच इतके पाणी असते की घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. शरीर पाणी आणि मीठ घालवते आणि त्या बदल्यात गारवा मात्र मिळत नाही. हा फरक तुम्हाला एकाच सकाळी कळेल. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला पहाटे अंगात जाकीट ठेवावेसे वाटते आणि घाट उतरून केरीला पोचेपर्यंत बनियन पिळून काढण्याजोगे झालेले असते. (ही केरी सत्तरीतली. गोव्यात एक केरी फोंड्यात आणि एक पेडण्यातही आहे, त्यामुळे मोबाइलवरच्या नकाशाला नुसते ‘केरी’ म्हणून विचारू नका.) घाट उतरताना रिम ब्रेक असतील तर ते सलग दाबून धरू नका, आलटून पालटून वापरा आणि अधूनमधून थांबून रिम थंड होऊ द्या. तापलेल्या रिममुळे ट्यूबवरचा जुना पॅच सुटतो, आणि तो नेमका वळणावर सुटतो.

दिशाही बदलावी असे मी सुचवेन. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि पोळ्याहून उत्तरेकडे येणाऱ्याला तो तोंडावर मिळतो. त्यापेक्षा साखळीहून डिचोली, अस्नोडा, थिवी, कोलवाळ करत आधी पेडण्याकडे जा आणि पत्रादेवीहून दक्षिणेकडे निघा. पणजीत शिरताना मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे हे ध्यानात असू द्या; पर्वरीहून जुन्या पुलाने उतरा, नाहीतर बेतीहून फेरीबोटीत चढा. बोट काही मिनिटांतच पलीकडे पोचते, पण तेवढ्या वेळात मांडवीवरचा वारा अंगाला लागतो आणि पुढच्या तासाची तरतूद होते.

आता वेळ. मेच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि त्याच्या आधी वीस-पंचवीस मिनिटे रस्ता नीट दिसू लागतो. पोदेराचा भोंगा ऐकू आला की सायकलवर बसायचे, हा माझा नियम आहे. पोदेर म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणारा. मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्याखाली गरम उंडे. साडेदहापर्यंत पन्नास-साठ किलोमीटर आरामात होतात. अकरा ते साडेतीन-चार सायकल बाजूला लावायची आणि चारनंतर अंधार पडायच्या आत आणखी पंचवीस-तीस काढायचे. म्हणजे दिवसाला पंच्याहत्तर ते नव्वद, आणि मे महिन्यात तेवढे पुरे आहे. एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते : गोव्यातल्या गावांतली बहुतेक दुकाने एकच्या सुमारास बंद होतात ती चारच्या आसपास उघडतात. म्हणून पाणी साडेबाराच्या आत भरून ठेवा. दोन वाजता रिकामी बाटली घेऊन बंद फळ्यांसमोर उभे राहण्याचा प्रसंग मी दोनदा अनुभवला आहे; तिसऱ्यांदा येऊ दिला नाही.

पाण्याबाबत बहुतेक लोक ‘भरपूर प्या’ एवढेच सांगतात आणि हा सल्ला अर्धवट आहे. चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जाते. मग नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते आणि डोके दुखणे, मळमळणे सुरू होते. माणसाला वाटते पाणी कमी पडले, आणि तो आणखी पाणी पितो. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी घ्या आणि तिच्यावर लिहिले आहे तितक्याच पाण्यात विरघळवा. ओआरएससारखे भासणारे तयार गोड पेय घेऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा, चमचा चहाचा. शहाळे, ज्याला आमच्याकडे आडसर म्हणतात, ते जरूर प्या, पण त्यात मीठ फार थोडे असते हे लक्षात ठेवून. कोकम सरबतात मीठ घालून मागा. या दिवसांत हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा, हंगाम संपत आलेला असतो आणि वाटेत कुणी ना कुणी प्रेमाने ग्लास पुढे करतो. तो दिवसाचे शेवटचे किलोमीटर संपल्यानंतरच स्वीकारावा.

लोकांविषयी तुम्ही शेवटी, सहज विचारल्यासारखे विचारले आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या बेतात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दुपारचे ते चार-पाच तास तुम्ही कुणाच्या तरी सावलीत काढणार आहात.

माझ्या अंगाशी आलेला प्रसंग बेतूलच्या पुढचा आहे. मडगावहून काणकोणकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या करमल घाटात झाडी आहे, पण रस्ता अरुंद, वळणे आंधळी आणि ट्रक फार, म्हणून मी किनाऱ्याने बेतूल, काणागिणी, काब द राम, आगोंद असा रस्ता धरला होता. आदल्या रात्री लॉजवाल्याने लाल धुळीने माखलेली सायकल पाहून जागा नाकारली होती, दुसरी शोधण्यात झोप कमी झाली, आणि सकाळी उशीर झाला तरी मी बेत बदलला नाही. बेतूलचा चढ संपला की सडा लागतो. जांभ्या दगडाचे उघडे पठार, वाळलेले गवत, झाड औषधाला नाही. साडेअकरा वाजून गेले होते. एका क्षणी माझ्या दंडावर काटा आला आणि थंडी वाजू लागली. भर उन्हात थंडी वाजते आहे याचे मला बरे वाटले, यावरून डोके कितपत ठिकाणावर होते ते ओळखा.

सडा उतरल्यावर लागलेल्या पहिल्याच घराच्या सोप्यावर एक आजी बसल्या होत्या. मी पाणी मागितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पयलीं बस. मागीर उदक.” (आधी बस, मग पाणी.) सायकल माझ्या हातून त्यांनीच घेऊन भिंतीला टेकवली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मला आडवे केले, कळशीतले पाणी पंचावर ओतून तो पंचा मानेवर आणि छातीवर टाकला आणि शेजारी बसून सुपाने वारा घालू लागल्या. ओल्या कपड्यावर वारा घालणे हाच अशा वेळचा खरा उपाय आहे. तो त्यांना कुणी शिकवला होता कोण जाणे. बऱ्याच वेळाने पेज आली, उकड्या तांदळाची, कोमट आणि खारट. सोबत चेपणीचे तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली अख्खी कैरी. पाणी, मीठ आणि पिठूळ अन्न एकाच वाडग्यात होते. मी पैशांचे नाव काढल्यावर त्या दुखावल्या आणि तो सगळा वेळ त्यांनी मला माझ्या आईविषयी विचारले.

त्या दिवशी मला फक्त उष्णतेने दमणूक झाली होती. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला उभे राहता येईना, किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजा आणि अंग ओले करत, वारा घालत 108 ला फोन करा. दोघे आहात हे उत्तम आहे, कारण ज्याला हे होते त्याला स्वतःला ते कळत नाही. दर तासाला एकमेकांना एखादा साधा हिशेब विचारत जा.

मदत कशी मागावी यालाही रीत आहे. आवाराच्या बाहेर सायकलवरून उतरायचे, हेल्मेट आणि काळा चष्मा काढायचा, आणि आधी सावली मागायची. पाणी न मागता येते. मराठी बहुतेक ठिकाणी समजते. ‘देव बरें करूं’, म्हणजे देव भले करो, एवढे कोंकणी निघताना आभारादाखल म्हटले तर पुरते. माडाखाली मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी आडवे होऊ नका, नारळ ओळख पाहून पडत नाही. या दिवसांत संध्याकाळी वळवाचा पाऊस विजांसह येतो, तेव्हा तर माडापासून दूरच राहा. आणि पहिल्या सरीने लाल मातीचा पातळ चिखल रस्त्यावर पसरतो, त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

राहण्यासाठी फोंडा तालुक्यात मंगेशी, कवळे, नागेशी अशा देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तांसाठीच्या खोल्या, आहेत. पण मे महिन्यात कुलदैवताला येणारी कुटुंबे आणि लग्न-मुंजी यांमुळे त्या भरलेल्या असतात, तेव्हा आधी फोन करा. किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये सायकल खोलीत घेऊ देतील का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

सामानात एक वस्तू विसरू नका. तुमच्या सायकलींना बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतील तर पितळेचा छोटा अडॅप्टर ठेवा. चिंचिणीला पहाटे माझी ट्यूब बसली, माझा पंप तुटलेला, आणि मदतीला थांबलेल्या पोदेराचा पंप साध्या सायकलचा. तो काही केल्या लागेना. त्याने टोपलीतला पाव माझ्या हातात ठेवला, मला बेकरीवर नेले आणि मडगावला पाव घेऊन चाललेल्या गाडीत सायकलसह बसवून दिले. उरलेला प्रवासभर माझ्या पिशव्यांना पावाचा वास येत होता.

पैसे घेत नाहीत तर काय द्यावे, असे तुम्ही विचाराल. पुढच्या वर्षी मी त्या आजींकडे बेळगावचा कुंदा घेऊन गेलो. त्यांनी डबा ठेवून घेतला, पुन्हा भर दुपारीच आलास म्हणून रागावल्या आणि परतीला तोरांची बाटली बांधून दिली. तुम्ही बेळगाववरूनच येणार आहात, तेव्हा एक-दोन डबे घ्या. खव्याचा असल्याने तो या उकाड्यात टिकत नाही. पहिल्या दोन दिवसांत जिथे सावली मिळेल तिथे देऊन टाका.