तुर्की भाषिकांचा आवाज मोजायला जिटर-शिमर पुरेत का?

तुम्ही विचारलंय की तुर्की बोलणाऱ्या रुग्णाच्या आवाजाचा विकार मोजायला प्राट या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमधले जिटर-शिमर (कंपनांच्या लयीतला आणि जोरातला बारीक चढउतार) पुरेत का, की भाषेप्रमाणे वेगळे निकष लागतात. लागतात. यावरून मी जर्मनीतल्या माझ्या आधीच्या क्लिनिकमध्ये वरिष्ठांशी इतकी भांडलेय की उत्तर जरा लांबणार.

नुसता ‘आ’ लावून घेतलात तर भाषेचा फारसा संबंध येत नाही. पण दिवसभर ‘आ’ लावून कोणाचा घसा बसत नाही, बोलून बसतो. शिवाय आवाज खरंच खरखरीत असला की प्राटला कंपनांची आवर्तनंच धड सापडत नाहीत आणि तो जो जिटर दाखवतो तो कचरा असतो. आवाजाचे संशोधक टिट्झ यांनी हे 1995 मध्येच बजावून ठेवलंय. तरी रिपोर्टात जिटर 1.04 टक्के किंवा शिमर 3.81 टक्क्यांच्या वर गेला की लाल बाण काढणारे आहेतच. ते आकडे एमडीव्हीपी या दुसऱ्याच सॉफ्टवेअरचे, प्राटचे नव्हेत.

म्हणून एव्हीक्यूआय, म्हणजे आवाजाच्या दर्जाचा निर्देशांक. बेल्जियमच्या मारिन यांनी 2010 मध्ये मांडलेला. सलग बोलण्याचा तुकडा आणि तीन सेकंदांचा ‘आ’ जोडून, सहा मोजमापं एकत्र करून एकच आकडा, जितका मोठा तितका आवाज बिघडलेला. यात मात्र भाषा येते. 03.01 या एकाच आवृत्तीत निरोगी-बिघडलेला ठरवणारी सीमा डचसाठी 2.43, जर्मनसाठी 1.85. म्हणजे 2.1 आला तर डच माणूस ठणठणीत आणि जर्मन माणूस पेशंट!

आमच्याकडे एक बाई यायच्या. लग्न होऊन तुर्कीतल्या कोन्याहून आलेल्या, संध्याकाळी तुर्की मुलांचा वर्ग घ्यायच्या. स्वरतंतूंवरच्या गाठी थेरपीने बसल्या होत्या, स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे स्वरतंतूंची हालचाल दाखवणाऱ्या तपासणीत, तंतू स्वच्छ दिसत होते. वरिष्ठांनी त्यांना नेहमीचा जर्मन उतारा वाचायला दिला. जर्मन जेमतेम येत होतं. प्रत्येक लांब शब्दाआधी थांबायच्या, आणि थांबताना आवाज खाली जाऊन घशातल्या घशात करकरायचा. एव्हीक्यूआय अर्थातच चढा. वर साहेबांनी कानाने ऐकून ‘आवाजात हवा सुटते’ असाही शेरा मारला. अहो, ‘वार’, ‘बिर’, ‘गेलियोर’ असल्या शब्दांच्या शेवटचा र तुर्की माणूस फुसफुसतच सोडतो, ऐकणाऱ्याला जवळजवळ ‘श’ वाटेल असा. तो त्या भाषेचा उच्चार आहे, विकार नव्हे. पण थेरपी आणखी लांबवायचं ठरलं, बाई बिचाऱ्या ‘होजाम’ (तुर्कीत गुरूला म्हणतात तसं), ‘अजून बरं नाही झालं का?’ म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी त्याच खोलीत, त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून तुर्की उतारा वाचून घेतला. सरसर वाचला त्यांनी, वर्गात वाचतात तसा. आकडा चांगलाच उतरला. साहेब म्हणाले, आमच्याकडे सगळ्यांना एकच उतारा, नाहीतर तुलना कशी करणार? कशाशी तुलना? जर्मन ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या आवाजावरून काढलेल्या सीमेशी?

तेव्हा उतारा रुग्णाच्या मातृभाषेतला आणि सीमाही त्याच भाषेच्या लोकांवर तपासलेली. तुर्कीसाठी एव्हीक्यूआयची चाचणी झालेली आहे, पण 02.06 या आवृत्तीची. ती सीमा उचलून 03.01 ला लावू नका, दोन्हींत बोलण्याचा आणि ‘आ’चा वाटा वेगळा आहे. सोबत व्हीएचआय, म्हणजे आवाजाचा त्रास किती होतो ते रुग्णालाच विचारणारी प्रश्नावली, तुर्कीत आहे, ती भरून घ्या.

राहता राहिलं, व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिपवरून यातलं काहीही मोजू नका. आणि आकडा फक्त आवाज किती बिघडलाय ते सांगतो, का बिघडलाय ते नाही. त्यासाठी कान-नाक-घसावाल्यांकडून स्वरयंत्र बघून घ्यावंच लागतं. माझा किस्सा एका पेशंटचा आहे, त्यावरून नियम काढू नका, हेही खरं.

पण तुमच्या इथे कोणी ‘आकडा तो आकडा, भाषेचं काय’ म्हणालं, तर त्यालाच एकदा तुर्की उतारा वाचायला बसवा आणि त्याचा एव्हीक्यूआय काढा. मी साहेबांना सुचवलं होतं. त्यांना वेळ नव्हता.