तीन आठवडे खेळलो, वजन मात्र तेवढेच

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझे वय 26 वर्षे असून मी चाळीसगावला एका पतसंस्थेत कामाला आहे. रोजचे आठ-नऊ तास संगणकासमोर बसून जातात आणि ये-जा मोटारसायकलवर होते. कॉलेज सुटल्यापासून मैदानाकडे फिरकलो नव्हतो. यंदा दुसरा मजला चढताना दम लागू लागला आणि वडिलांना मधुमेह असल्याने धास्ती वाटली, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मित्रांबरोबर शाळेच्या मैदानावर पाच-पाच जणांचा फुटबॉल सुरू केला. रविवारी क्रिकेट असते. तीन आठवड्यांत वजन 78 किलोवरून जेमतेम अर्धा किलो उतरले, पोटऱ्या मात्र सतत दुखतात. वडील म्हणतात, ‘या वयात पोरांसारखे काय खेळतोस, त्यापेक्षा सकाळी फिरायला जा.’ खेळण्याने खरोखर तब्येत सुधारते का, की व्यायामशाळा लावू?

उत्तर : फिरायला जाण्याचा वडिलांचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यासाठी मैदान सोडू नका. उद्या एक गोष्ट करून पाहा. खेळ रंगात असताना क्षणभर बाजूला व्हा, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवा आणि 15 सेकंद ठोके मोजा. तुमच्या वयात हृदयाची कमाल गती ढोबळमानाने मिनिटाला 194 धरतात. त्या 15 सेकंदांत 38-39 ठोके भरले, तर तुमचे हृदय कमाल क्षमतेच्या सुमारे 80 टक्क्यांवर काम करत आहे असे समजावे. मोकळ्या हवेत रमतगमत फिरताना ते तिथवर पोहोचत नाही. छोट्या मैदानावरच्या फुटबॉलमध्ये मात्र धावणे, थबकणे, वळणे आणि पुन्हा धावणे असे सतत चालू राहते, त्यामुळे तास संपेपर्यंत ही गती टिकते आणि लक्ष चेंडूवर असल्याने श्रमाची जाणीवही कमी होते. कबड्डीतही 30 सेकंदांची चढाई, मग थोडी उसंत, मग पुन्हा झटापट, असाच आलटून-पालटून ताण पडतो.

तेव्हा कोपनहेगन विद्यापीठात असलेले पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या तुमच्यासारख्या, सराव नसलेल्या 20 ते 43 वर्षांच्या पुरुषांना आठवड्यातून दोन-तीनदा तासभर फुटबॉल खेळायला लावले आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता 13 टक्क्यांनी वाढली आणि वरचा रक्तदाब सरासरी 130 वरून 122 पर्यंत उतरला. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली बाब अशी, की त्यांची चरबी सुमारे 2.7 किलो घटली, पण स्नायूंचे वजन 1.7 किलोने वाढले. म्हणजे वजनकाट्यावर जेमतेम एक किलोचा फरक दिसला असता. तुमचा काटा तुम्हाला फसवत नाही, तो फक्त चरबी आणि स्नायू वेगळे करून सांगत नाही. म्हणून बेंबीच्या रेषेत कंबर मोजा आणि दर पंधरा दिवसांनी तो आकडा वहीत लिहा. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत असावी. वडिलांना मधुमेह असल्यामुळे तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट मोलाची आहे : आकुंचन पावणारे स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, आणि खेळ थांबल्यावरही हा परिणाम काही तास टिकतो.

रविवारच्या क्रिकेटचा आनंद जरूर घ्या, पण तो व्यायामाच्या हिशेबात धरू नका. सीमारेषेवर उभे राहून काढलेले दोन तास आणि फुटबॉलमधली 20 मिनिटे यांची बरोबरी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाची 150 ते 300 मिनिटे किंवा जोरकस श्रमाची 75 ते 150 मिनिटे भरावीत; तुमचे तीन दिवस ती गरज पूर्ण करतात. त्याच सूचनेत आठवड्यातून दोन दिवस स्नायू बळकट करण्याचा व्यायाम सांगितला आहे. त्यासाठी व्यायामशाळेची पावती फाडायलाच हवी असे नाही. घरी बैठका आणि दंड काढले तरी चालतात.

पोटऱ्यांचे दुखणे हा सवय मोडल्याचा परिणाम आहे. वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेल्या पायांना अचानक थांबण्या-वळण्याचा भार पडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. पहिले सहा आठवडे मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण उत्साहाच्या भरात मांडीची शीर धरते किंवा घोटा मुरगळतो, आणि पुढे माणूस मैदानावर येतच नाही. सुरुवातीला 30 मिनिटेच खेळा आणि दोन खेळांमध्ये एक दिवस मोकळा सोडा. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश धावून अंग गरम करा आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याच्या 15-15 च्या तीन आवृत्त्या एक दिवसाआड करा. घोटा मुरगळल्यास तेलाची मालिश किंवा गरम शेक पहिले दोन दिवस टाळा, बर्फ लावा. आणि त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढून घ्या. छातीत दुखणे, खेळताना भोवळ येणे किंवा घराण्यात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास आधी ईसीजी काढून घेतल्याशिवाय खेळू नका.

खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा संध्याकाळी सहालाही जमीन तापलेली असते. या दोन महिन्यांत पहाटे खेळा, पण खेळ बंद ठेवू नका. कमावलेला दम काही आठवड्यांच्या खंडाने ओसरू लागतो. खेळ संपल्यावर सगळे मिळून गरम भजी आणि थंड पेयावर ताव मारता का, हेही पाहा. तासभराच्या फुटबॉलमध्ये खर्च होणाऱ्या सुमारे 500 कॅलरी एका बैठकीत सहज परत येतात.

प्रश्न : मी शहाद्याची 23 वर्षांची तरुणी आहे. शाळेत खो-खो खेळत असे. आता आम्ही सहा-सात मैत्रिणी पुन्हा सुरू करू इच्छितो, पण घरच्यांना वाटते की मुलींनी उड्या मारल्याने गुडघे झिजतात.

उत्तर : ताई, उड्या आणि झटकन वळणे यांचा भार हाडांना हवाच असतो. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते, पुढे फक्त राखायची असते. त्यामुळे तुमचे वय यासाठी अगदी योग्य आहे. खो-खोत गुडघ्याला खरा धोका असतो तो खांबाभोवती पाय जमिनीत रुतवून शरीर पिळले जाते तेव्हा. वळताना लहान पावले टाका, गुडघा वाकलेला ठेवा आणि पायाच्या अंगठ्याच्या दिशेतच राहू द्या. काळी माती उन्हात भेगाळली असेल तर तिथे खेळू नका, मुरूम टाकलेली सपाट जागा शोधा. सहा-सात जणींत पूर्ण संघ होत नाही. तोवर चार जणींना बसवून उरलेल्यांनी पळावे आणि दर दोन मिनिटांनी जागा बदलाव्यात.