पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल

पत्र सांगलीच्या गावभागातून आलं आहे. वय २७, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात महिना ४२,००० रुपये. घरी आई, वडील आणि नववीतली बहीण. दोन वर्षांपूर्वी मिरजेत वडिलांची बायपास झाली, तेव्हापासून दुकान बंद. दर रविवारी विश्रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर पाच-सहा जण पोकेमॉनची कार्डं खेळतात, रीतसर ६० कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा स्वतःचा गठ्ठा, लावून. त्यावर महिना ३,००० जातात.

प्रश्न असा: "मोबाईलवर खेळलो तर खर्च जवळजवळ शून्य, पण हातात काहीच राहत नाही. खरी कार्डं घेतली तर त्यांची किंमत वाढते. मग वर्षाला दोन सीलबंद पेट्या घेऊन दहा वर्षं न फोडता ठेवल्या, तर बहिणीच्या लग्नाला उपयोगी पडतील का? लोक म्हणतात दहापट होतात." आणि शेवटची ओळ: "बाकी काळजी नाही. मामांनी वर्षाला ७२,००० ची पॉलिसी काढून दिली आहे, त्यात विमा आणि बचत दोन्ही होतं." सोबत पॉलिसीच्या पानांचे फोटो.

मी पत्र वाचून आधी ते फोटो उघडले. पण जे विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे.

मोबाईलवरची कार्डं तुमची नसतात, फक्त खेळायची परवानगी तुमची असते. पोकेमॉनच्या जुन्या ऑनलाइन खेळात खेळाडू एकमेकांशी कार्डांची अदलाबदल तरी करू शकत होते. २०२३ मध्ये तो बंद होऊन त्याच्या जागी 'लाईव्ह' आलं, त्यात तीही सोय नाही. त्यामुळे त्यात पैसे घातलेत तर ते गेले असं समजा. पण घालायची गरजच कुठे आहे? लाईव्ह फुकट आहे, खऱ्या कार्डांच्या पाकिटातल्या कोडनं त्यात कार्डं मिळतात आणि चारपेक्षा जास्त झालेल्या कार्डांच्या बदल्यात हवं ते बनवता येतं. रोज दोन पाकिटं फुकट देणारं 'पॉकेट' हा वेगळाच, २० कार्डांचा खेळ आहे. तुमच्या रविवारच्या डेकचा सराव त्यावर होणार नाही.

खऱ्या कार्डांत तुमचे पैसे पाकिटं फोडण्यात जातात. तुम्हीच लिहिलंय, पाकीट ४५० ला. म्हणजे ३,००० मध्ये सहा-सात पाकिटं, साठ-पासष्ट कार्डं, आणि त्यात डेकमध्ये बसणारी किती, ते तुमच्या खोक्यात पडलेल्या ढिगाकडे बघून तुम्हीच सांगा. त्यात कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या अक्षरानुसार जुनी कार्डं स्पर्धेच्या मुख्य प्रकारातून बाद होत जातात, म्हणजे खेळायच्या कार्डाला वयही असतं. पाकिटं फोडणं बंद करा. आठवडाभर मोबाईलवर सराव करा, डेक पक्का झाला की लागतील तेवढीच सुटी कार्डं विकत घ्या. महिना १,००० पुरतात. आणि ते १,००० बिनधास्त खर्च करा. बायपासनंतरच्या घरात कमावता मुलगा आठवड्यातून चार तास मित्रांसमोर बसून खेळतो, हे मला हवंच आहे. फक्त त्याला खर्च म्हणा, गुंतवणूक म्हणू नका.

सीलबंद पेट्यांचा नाद मात्र सोडा. ३६ पाकिटांची पेटी तुम्हाला १६,००० ला पडते. हेच १६,००० पीपीएफच्या आजच्या ७.१ टक्क्यांनी दहा वर्षांत जवळपास ३२,००० होतात, काही न करता. म्हणजे पेटी ३२,००० ला विकली गेली, तीही पोस्टेज आणि विकून देणाऱ्याचा वाटा वजा जाऊन, तर तुम्ही पीपीएफच्या बरोबरीला आलात. दहापट म्हणजे १,६०,०००. एवढ्याला तुमची पेटी घेणारा माणूस सांगलीत कोण आहे, नाव सांगा. ज्यांच्या पेट्या दहापट झाल्या त्यांच्या गोष्टी तुमच्यापर्यंत पोचतात, ज्यांच्या पडून राहिल्या ते गोष्ट सांगत बसत नाहीत.

शिवाय कार्ड छापणं कंपनीच्या हातात आहे. 'मॅजिक: द गॅदरिंग' या दुसऱ्या कार्डांच्या खेळात १९९५ साली 'क्रॉनिकल्स' या संचात जुनी दुर्मीळ कार्डं पुन्हा छापली, तेव्हा ती जपून ठेवणारे इतके चिडले की १९९६ मध्ये कंपनीला पुन्हा न छापायच्या कार्डांची यादीच जाहीर करावी लागली. पोकेमॉनच्या तुमच्या पेटीला असं कोणी वचन दिलेलं नाही.

आणि तुमचं घर गावभागात, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. पूर ओसरल्यावर मी गावभागातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. गच्चीवर चादर अंथरून त्यावर खरेदीखत, मार्कशीट, लग्नाचा अल्बम असं सगळं वाळत घातलेलं. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. त्या घरातल्या आजी एकेक पान नखानं सोडवत होत्या आणि प्रत्येक पानाबरोबर समोरच्या पानावरचे चेहरे निघून येत होते. कार्ड म्हणजेही पुठ्ठाच. चकचकीत कार्डं तर नुसत्या पावसाळी हवेनंही वाकतात. बहिणीसाठीचा पैसा कागदाच्या रूपात तळमजल्यावर ठेवू नका. आणि दहा वर्षांनी तिचं लग्न येईल, पण त्याआधी चार वर्षांत तिच्या कॉलेजची फी येणार आहे, ती तुमच्या हिशोबात कुठेच दिसली नाही.

आता ती शेवटची ओळ.

तुमची पॉलिसी मार्च २०२४ ची आहे. १५ वर्षं हप्ता, २० व्या वर्षी पैसे, विमा रक्कम १० लाख. मार्चमध्ये काढली, म्हणजे "कर वाचेल" असं सांगितलं असणार. तुमचा पगार वर्षाला साधारण सहा लाखांच्या घरात. २०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू आहे. त्यात तेव्हा सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नव्हता, आता बारा लाखांपर्यंत नाही. आणि ८०सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी वजावट नव्या पद्धतीत मिळतच नाही. जो कर तुम्हाला भरायचाच नव्हता तो वाचवायला तुम्ही वर्षाला ७२,००० बांधून घेतलेत. हे वाचून मला राग आला, आणि तो तुमच्यावर नाही.

फोटोतलं तिसरं पान उघडा, लाभाचा तक्ता. त्यात दोन रकाने आहेत, वर ४% आणि ८% लिहिलेलं आहे. विमा कंपनीला आपल्या गुंतवणुकीवर एवढं मिळालं असं मानून केलेला तो हिशोब आहे, आणि बोनसची हमी दोन्हीकडे नाही. तुम्ही पत्रात लिहिलेत ते २२ लाख ८ टक्क्यांच्या रकान्यातले. शेजारच्या रकान्यात १४ लाख आहेत, त्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, कारण तुम्हाला ते कोणी दाखवलेच नाहीत. एकूण भरणार १० लाख ८० हजार. २२ लाख मिळाले तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर, १४ मिळाले तर जेमतेम दोन. बँकेतल्या साध्या एफडीसमोरही हे उभं राहत नाही.

पण परतावा कमी आहे यासाठी मी एवढं लिहीत बसलो नसतो. मला १० लाख या आकड्याची भीती वाटते. तुम्ही दिलेल्या हिशोबाप्रमाणे घरखर्च, औषधं, शाळा मिळून महिना २८,००० लागतात, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. उद्या तुम्हाला काही झालं तर १० लाखांत घर तीन वर्षंही चालत नाही. तेव्हा बहीण बारावीत असेल आणि वडिलांच्या गोळ्या चालूच असतील. "विमा आणि बचत दोन्ही" म्हणून जे दिलं गेलं त्यात विमाही नाही आणि बचतही नाही. ज्या घरात कमावणारा एकच आहे त्या घराला १० लाखांचं कवच विकणाऱ्यानं तुमच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात येऊन चौकशी केली असेल, डबाही आणला असेल. तरीही हे चूकच आहे.

तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास घराला पैसे देणारा विमा, साठीपर्यंत वर्षाला दहा-बारा हजारात मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटीही गेला. ७२,००० मधले १२,००० टर्मला धरा, उरलेले ६०,००० पंधरा वर्षं पीपीएफमध्ये घालून पुढे पाच वर्षं तसेच ठेवा: आजचा दर टिकला तर २० वर्षांनी जवळपास २३ लाख. हप्ता तोच, शेवटी हाती येणारी रक्कम मामांच्या चांगल्या रकान्याइतकीच, आणि मधल्या काळात घराला १० लाखांऐवजी एक कोटीचा आधार. शेवटची पाच वर्षं टर्मचे १२,००० वेगळे भरावे लागतील, तेवढाच फरक.

"पण १ लाख ४४ हजार भरून झालेत" असं तुम्ही म्हणाल. दोन हप्ते भरलेल्या तुमच्या पॉलिसीवर सोडताना किमान ३० टक्के, म्हणजे ४३,००० च्या आसपास मिळायला हवेत. लाख रुपये गेले. दुखणारच. पण ते पॉलिसी चालू ठेवून परत येणार नाहीत. इथून पुढचे १३ हप्ते आणि हे ४३,००० एवढंच धरून हिशोब केला, तर चालू ठेवण्याचा परतावा तीन ते साडेसहा टक्के येतो, आणि १० लाखांचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा मार्ग पेड-अपचा: हप्ता बंद, पॉलिसी लहान होऊन पडून राहते. १५ पैकी दोन हप्ते, म्हणजे १० लाखांचे १ लाख ३३ हजार आणि थोडा जमलेला बोनस, १८ वर्षांनी. ४३,००० पीपीएफच्या दरानं १८ वर्षांत १ लाख ४८ हजार होतात. जवळपास बरोबरी. तुमच्याकडे बाजूला फक्त ४०,००० आहेत, म्हणून मी रोख घ्या म्हणेन. पण दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, माझ्या अंदाजावर सही करू नका.

क्रम चुकवू नका. आधी टर्म विमा. अर्जात वडिलांच्या हृदयविकाराचं विचारतील, ते खरं लिहा. तुमच्या तपासण्या होऊ द्या, हप्ता हजार-दोन हजारांनी वाढला तरी चालेल. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी आईला भोगावी लागते. टर्मची पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू नका. मग मार्चच्या आत बँकेत जाऊन जुनीचं ऑटो डेबिट बंद करा, नाहीतर तिसरा हप्ता तुमच्या विचाराआधी कापला जाईल.

सुटलेल्या पैशातून पहिलं वर्षभर पीपीएफही नको. सहा महिन्यांचा घरखर्च, १ लाख ७० हजार, आधी उभा करा. तो बँकेत ठेवा. दीड टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत टाकू नका. ठेवींवरचं ५ लाखांचं विमा संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आई-वडिलांची नावं घालता येतात का, ते याच आठवड्यात विचारा. वडिलांसाठी वेगळी पॉलिसी घेतलीत तरी आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं.

मामांना हे फोनवर सांगू नका, घरी जा. भांडू नका. तक्त्याचं ते पान सोबत न्या आणि १४ लाखांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारा, "मामा, हे मला का नाही दाखवलंत?" त्यांच्या कंपनीच्या टर्मचा दर बरा असेल तर त्यांच्याकडूनच घ्या, माझी काही हरकत नाही. नॉमिनी आई. पॉलिसी आली की आईला शेजारी बसवून पॉलिसीचा नंबर, दाव्यासाठी कुठे जायचं, कोणाला विचारायचं हे तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहून घ्यायला सांगा. आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.